ऑपरेटरच्या रकान्यात एकच नाव

"भगवान को रोको, मॅडम. कैसे भी करके रोको."

आमचे प्लांट हेड जिग्नेशभाई माझ्या केबिनच्या दारात उभे होते. मास्क हनुवटीवर, कपाळावर घाम. गुरुवारची दुपार होती, श्रावण नुकताच लागला होता. दुरुस्तीला गेलेला मोल्ड, म्हणजे रबराला आकार देणारा लोखंडी साचा, सोमवारी यायचा होता. तो तीन दिवस उशिरा, तासाभरापूर्वी टेम्पोतून उतरला. आणि त्यावर ज्याने काम करायचं तो भगवान पाटील संध्याकाळी वापीला जाऊन धुळ्याची गाडी पकडणार होता. पाच दिवसांची रजा. माझीच सही.

"रजा मंजूर आहे त्याची," मी म्हटलं.

"एक आदमी के लिए सब रुकेगा? लिस्ट में दुसरा नाम डालो ना!"

"दुसरं नाव घालायचं तर कस्टमरची परवानगी लागते. दहा दिवस जातात. तुम्हाला माहीत आहे."

"तो पहले क्यूं नहीं डाला?"

या प्रश्नाचं खरं उत्तर मला ठाऊक होतं. मी दिलं नाही. "त्या वेळी दुसरा कुणी तयार नव्हता," असं ठोकून दिलं. ते पाय आपटत निघून गेले.

मी क्वालिटीवाली. सिल्वासातल्या एका रबर कंपनीत एकवीस वर्षं काढली. कारखान्यात क्वालिटीवाल्यांवर कुणी प्रेम करत नाही. प्रॉडक्शनवाले माल बनवतात, आम्ही त्याला नाकं मुरडतो, अशी सगळ्यांची समजूत. माझा तर आवाजही मोठा. दापोलीकडची आहे मी, आमच्याकडे हळू बोललं की माणूस आजारी आहे असं समजतात. नवरा इथल्या सरकारी शाळेत शिक्षक, टोकरखाड्यात घर, त्यामुळे इथेच मुळं धरली.

तर तो माल काय होता ते आधी सांगते. वडापाव डोळ्यांपुढे आणा. पावाच्या जागी वर-खाली पोलादाच्या चकत्या आणि वड्याच्या जागी रबर. आकारही साधारण तेवढाच. याला माउंट म्हणतात. मोठ्या मशीनच्या पायाखाली असे माउंट बसवले की मशीनची थरथर जमिनीत उतरत नाही. तुमच्या वॉशिंग मशीनलासुद्धा रबरी पाय असतात, त्यांचाच हा चुलत भाऊ. फक्त आमचे पाय पाणबुडीत जाणार होते.

हो, पाणबुडीत. सिल्वासातून! ऑस्ट्रेलियाने फ्रान्सकडून डझनभर पाणबुड्या बांधून घ्यायचं ठरवलं होतं. त्या डिझेल-बॅटरीवर चालणाऱ्या. एवढ्या मोठ्या कामात कंत्राटदाराखाली कंत्राटदार, त्याखाली आणखी कंत्राटदार असतात. त्या उतरंडीच्या पार तळाशी, युरोपातल्या एका मधल्या कंपनीसाठी, आम्ही हे पाय करणार होतो. त्या कंपनीचं भारतातलं काम पुण्याचे कुलकर्णी बघायचे. पाणबुडीचा सगळा जीव तिच्या गप्प राहण्यात असतो, हे मला त्यांनीच पहिल्यांदा समजावलं. आतल्या पंपाची थरथर बाहेरच्या पत्र्याला लागली की ती पाण्यात पसरते आणि मैलोगणती लांब कुणीतरी कान लावून बसलेला असतो. म्हणून प्रत्येक पंपाखाली रबर.

आता या रबराची एक गोम आहे. रबर पोलादाला चिकटवावं लागतं. चकती आधी खरखरीत करून घ्यायची, मग तिच्यावर खास डिंकासारख्या रसायनाचे दोन हात मारायचे, ते वाळले की मोल्डमध्ये रबर भरून प्रेसखाली भाजायचं. तयार माउंट बाहेरून अगदी छान दिसतो. पण आत नीट चिकटलंय की नाही, हे तो फाडल्याशिवाय कळत नाही. आणि फाडला की तो गेला. अशा कामाला आमच्या धंद्यात स्पेशल प्रोसेस म्हणतात. माल तपासता येत नाही, म्हणून माणूस तपासायचा. ज्याने हात मारायचे त्याची परीक्षा घ्यायची, तो पास झाला तर त्याचं नाव यादीत लिहायचं आणि यादी कस्टमरकडून मंजूर करून घ्यायची. मग त्या नावाखेरीज दुसऱ्या कुणी ब्रशला हात लावायचा नाही.

आमच्या यादीत एकच नाव होतं. भगवान दगा पाटील.

भगवानचा हात म्हणजे काय सांगू! आम्ही आधी स्प्रे मशीन लावून बघितलं होतं. कडेला थर जाड, मध्ये पातळ. भगवान दीड इंची ब्रश घेऊन बसायचा आणि शंभर चकत्या हातावेगळ्या करायचा. थर मोजायचं यंत्र लावलं की पहिल्या चकतीचा आणि शंभराव्या चकतीचा आकडा जवळजवळ सारखा. एकदा मी चिडूनच विचारलं, "अहो, कुठे शिकलात हे?"

"शिरपूरला बैलांची शिंगं रंगवायचो, मॅडम. पोळ्याला. थर जाड झाला की बाप टपली मारे."

असा माणूस नऊ वर्षं ठेकेदाराकडे होता. आमच्याकडे कंपनीच्या माणसाला निळं कार्ड, ठेकेदाराच्या माणसाला पिवळं. पिवळ्या कार्डाला दर अकरा महिन्यांनी ब्रेक देतात. आठ-दहा दिवस घरी बसवायचं, मग नवं कार्ड, नवी सुरुवात. त्यामुळे भगवानचा अनुभव कागदावर कधीच अकरा महिन्यांच्या पुढे गेला नाही. आमलीतल्या चाळीत एक खोली, त्यात बायको, एक मुलगी आणि लॉकडाऊनमध्ये झालेला मुलगा. मुलीला चांगल्या शाळेत घालायचं होतं, बँकेत कर्ज मागायला गेला तर मॅनेजर कार्ड बघून म्हणाला, निळं झालं की या.

मी त्याच्यासाठी तीन वेळा एचआरकडे भांडले. तिन्ही वेळा तेच उत्तर, "पाहू." तेव्हा माझ्या डोक्यात ती शक्कल आली.

त्या परीक्षेत खरं तर दोघं पास झाले होते. भगवान आणि खानवेलचा रमण. रमण चांगला कारागीर, शांत माणूस. पण तो आधीपासूनच निळ्या कार्डाचा. मी विचार केला, यादीत दोन नावं गेली की एचआर म्हणणार, आपला कायमचा माणूस आहेच की, मग पिवळ्याला निळा कशाला करायचा? म्हणून मी रमणचा निकाल फाइलला लावला, पण यादीत त्याचं नाव घातलं नाही. ऑपरेटरच्या रकान्यात एकच नाव. मग एचआरला जाऊन म्हटलं, "उद्या हा माणूस ठेकेदाराने दुसरीकडे पाठवला तर पाणबुडीचं काम बंद. बघा बाई, तुमची जबाबदारी."

तोंडचं पाणी पळालं त्यांच्या. आठवड्यात लेखी आलं: कस्टमरचं अंतिम मंजुरीपत्र ज्या दिवशी येईल त्या दिवसापासून भगवान पाटील कंपनीच्या रोलवर. म्हणजे निळं कार्ड.

तो कागद मी भगवानला दाखवला. त्याने तो दोनदा वाचला, मग मास्क वर ओढून डोळ्यांपर्यंत नेला. मला काय मिरवल्यासारखं झालं म्हणून सांगू! घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, आज एचआरला कसं खिंडीत गाठलं. रमणचं मात्र काही सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही आणि भगवानलाही नाही.

अंतिम मंजुरीसाठी एकच पायरी राहिली होती. यादीतल्या माणसाने सलग तीन दिवस माल बनवायचा. तो एकवीस दिवस गरम खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवायचा. मग फाडायचा. फाटताना रबर फाटलं पाहिजे, चिकटलेली जागा सुटता कामा नये. रिपोर्ट पाठवला की तिकडची तपासणी समिती दर शुक्रवारी बसते आणि आलेल्या फाइली हातावेगळ्या करते.

सगळं सोमवार ते बुधवार होणार होतं. मोल्ड आला गुरुवारी.

जिग्नेशभाई गेले आणि पाठोपाठ भगवानच आला. त्याला बातमी लागली होती. पाठीवर सॅक, हातात पिशवी.

"मॅडम, तुम्ही म्हणाल तर थांबतो."

"काय आहे गावी एवढं? कानबाई ना?"

"हो. रविवारी बसते."

कानबाई म्हणजे खानदेशातलं देवीचं मोठं प्रस्थ, हे मला एव्हाना माहीत झालं होतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या शॉपमधली, म्हणजे कामाच्या विभागातली, निम्मी शिफ्ट गायब व्हायची. सगळे भाऊबंद एका घरी जमतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात, ते दळून त्याचे रोट करतात, आणि ते खायला नाव असलेला माणूस घरात लागतो.

"मागच्या वर्षी लॉकडाऊनमुळे गेलोच नाही," भगवान सांगू लागला. "यंदा पोराच्या नावाची पहिली मूठ आहे. आई दोन महिने फोनवर तेच बोलतेय."

"आणि मुलीच्या नावाची?"

"तिची नसते, मॅडम."

"का? ती काय जेवत नाही?"

"ते तुम्ही आमच्या आईलाच विचारा," तो हसून म्हणाला. "बिबड्या पाठवते तुम्हाला, तुमचं ऐकेल."

त्याची आई दर उन्हाळ्यात माझ्यासाठी बिबड्या पाठवायची. ज्वारीचे पापड, पातळ, जिऱ्या-लसणाचे. जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. मला तिने कधी पाहिलं नव्हतं. लेकाच्या साहेबीणबाई एवढीच ओळख.

मी कॅलेंडर बघितलं. शुक्रवारी सुरू केलं तर तीन आठवड्यांनी फाडणी आणि फाइल गणपतीच्या आत तिकडे पोचते. बुधवारी सुरू केलं तर एक शुक्रवार हुकतो. एकच. पाच वर्षं चाललेल्या कामात एक आठवडा म्हणजे काय? पुण्याला कुलकर्णींना फोन लावला. ते म्हणाले, "एका आठवड्याने काही फरक पडू नये, मॅडम. मीच सांगतो तिकडे."

तरी मी क्षणभर थांबले. रमण बाहेर ट्रॉली ढकलत होता. काचेतून मला दिसत होता. त्याचं नाव यादीत असतं तर हा प्रश्नच उठला नसता. भगवान गावी, रमण ब्रशवर, सगळं वेळेत. पण आता ते बोलून उपयोग नव्हता.

"जा," मी भगवानला म्हटलं. "चार दिवसांनी काय आभाळ कोसळत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

बुधवारी सकाळी भगवान हजर. केस कापलेले, कपाळावर कुंकवाचा पुसट डाग. तीन दिवस त्याने मान वर केली नाही. मग माल टाकीत गेला. खारं पाणी, बाहेरून हीटर, दर आठ तासांनी तापमानाची नोंद. सकाळची नोंद भगवान स्वतः करायचा, त्याचं ते काम नसताना. "आपली पोरं बुडवलीत," म्हणायचा.

रविवारी फाडणी केली. मशीनच्या दोन जबड्यांत माउंट धरायचा आणि ओढत जायचं. पहिला फाटला तेव्हा आम्ही तिघं, मी, भगवान आणि मशीनवरचा मुलगा, चकत्यांवर वाकलो. दोन्ही चकत्यांवर काळं रबर जसंच्या तसं. कुठेही पोलादाचा पांढरा ठिपका नाही. चोवीसच्या चोवीस तसेच. मी एवढ्या वर्षांत असा निकाल पाहिला नव्हता आणि तसं मी ओरडून सांगितलं. भगवान नुसता हसत उभा.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, घरी गौरी जेवणार होत्या. मी सकाळी कंपनीत जाऊन रिपोर्ट पूर्ण केला, पाठवला आणि एक वाजता घरी पोचले. सासूबाई म्हणाल्या, "आलीस? गौरी तुझ्यासाठी थांबल्यात, त्यांना दुसरा उद्योग नाही." मी मुकाट्याने पानं वाढली. मनात म्हटलं, या शुक्रवारी सही, शनिवारी निळं कार्ड.

गुरुवारी सकाळी कुलकर्णींचा फोन आला. मी गाडी पार्क करत होते.

"बातम्या पाहिल्यात?"

"नाही. काय झालं?"

"ऑस्ट्रेलियाने फ्रान्सचं कंत्राट मोडलं. रात्री जाहीर केलंय. त्यांना आता अणुऊर्जेवरच्या पाणबुड्या हव्यात. अमेरिका आणि ब्रिटनबरोबर तिघांचा करार झालाय."

"आणि आपली फाइल?"

"सगळ्या फाइली बंद. गेल्या शुक्रवारपर्यंत आलेल्यांवर सह्या झाल्यात. तुमची सोमवारी आली."

मी गाडीतच बसून राहिले. वॉचमन दोनदा काचेवर टकटक करून गेला.

पुढे मी यावर बरंच वाचलं, जखमेवरची खपली काढत बसतात तसं. डिझेलच्या पाणबुडीला बॅटरी भरायला मधूनमधून पाण्याच्या वरच्या थरात यावं लागतं, श्वास घ्यायला आल्यासारखं. तिथेच ती सापडते. अणुभट्टीवरची पाणबुडी महिनेच्या महिने खाली राहते, आतल्या माणसांचं जेवण संपेपर्यंत. अणुऊर्जेवर चालणारी म्हणजे अणुबॉम्ब नेणारी असं नव्हे, हेही मला तेव्हा कळलं. ऑस्ट्रेलिया हा ना फार बलाढ्य देश ना अगदी लहान. समुद्र अफाट, माणसं थोडी, चीनचं आरमार वर्षागणिक वाढणारं. असा देश एकट्याच्या जिवावर राहू शकत नाही. मोठ्या दोस्ताच्या अंगणात बसावं लागतं आणि दोस्त काय देतो त्यावर आपलं ठरवावं लागतं. अमेरिकेने ही अणुभट्टीची विद्या तोवर फक्त ब्रिटनला दिली होती. ती मिळतेय म्हटल्यावर यांनी जुना सौदा टाकला. त्यांच्या जागी मी असते तर मीही टाकला असता, कोण जाणे. फ्रान्स चिडला, राजदूत परत बोलावले, पेपरात महिनाभर गाजलं. आमलीत मात्र त्याचा कुणाला पत्ता नव्हता.

फक्त एका माणसाला सांगायचं होतं.

भगवान ब्रश धूत होता. मी त्याला बाहेर, कुलिंग टॉवरपाशी नेलं आणि सांगितलं. त्याला पहिल्यांदा कळलंच नाही.

"म्हणजे आपल्या मालात काही खोट निघाली का?"

"नाही हो. मालाकडे कुणी बघितलंसुद्धा नाही."

"मग?"

"त्यांना आता दुसरी पाणबुडी हवी. अणूवरची."

त्याने ओले हात पँटला पुसले. "ती पण पाण्यातच चालणार ना? तिला पण आवाज नको असेल. मग तिला रबर लागणार नाही का, मॅडम?"

"लागेल. जास्तच लागेल. पण ते त्यांच्या त्यांच्यात बनवतील. त्यांची यादी असते ठरलेली. आपला देश त्या यादीत नाही."

"यादीत नाही," तो म्हणाला. आणि मग माझ्याकडे न बघता, "मी तेव्हा थांबलो असतो तर?"

हीच ती वेळ होती. तेव्हा मी सांगायला हवं होतं, की बाबा, तुझ्या थांबण्या-जाण्याचा काही संबंध नाही. रमण पास झाला होता. नाव मी घातलं नाही. चूक माझ्या रकान्यात आहे, तुझ्या कानबाईत नाही. पण तसं सांगायला मी कचरले. इतकी वर्षं लोकांच्या चुका बोट दाखवून लाल पेनाने अधोरेखित करणारी बाई मी! मी म्हटलं, "नशीब म्हणायचं, भगवान. एवढ्या मोठ्या देशांचं आपण काय करणार?"

ते खोटं नव्हतं. म्हणूनच बोलायला सोपं गेलं.

एचआरने कागद परत पाठवला. "मंजुरीपत्र आलेलं नाही, सबब विषय संपला." मी भांडले. जिग्नेशभाईंकडे गेले, शेठकडे गेले. शेठ हातातली जपमाळ थांबवून म्हणाले, "बेन, काम ज नथी, तो माणसनुं शुं करवानुं?" पाणबुडीच्या शॉपला कुलूप लागलं. भगवान परत पिवळ्या कार्डावर, पाइपच्या गॅस्केटांच्या लाइनवर. नंतर ठेकेदाराने त्याला आमच्याच अथालच्या युनिटला पाठवलं. तिथे ब्रशचं कामच नव्हतं. पोती उचलायचा.

पुढच्या उन्हाळ्यात बिबड्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही. मी मनाशी म्हटलं, रागावला असेल. रागावू दे, त्याचा हक्कच आहे. आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच वाटलं. रागावलेल्या माणसाच्या तोंडासमोर जावं लागत नाही.

मी रिटायर झाले ते तिसऱ्या वर्षीच्या श्रावणात. शेवटच्या दिवशी कपाट रिकामं करत होते. चहा, समोसे, हार, भाषणं सगळं उरकलं होतं. दारावर टकटक झाली. भगवान. अथालहून सायकलने आला होता. वाळला होता, कानापाशी केस पिकले होते. हातात नारळ.

"मॅडम, ऐकलं तुम्ही चाललात."

मी त्याला बसवलं. थट्टेच्या सुरात म्हटलं, "कानबाईला कधी निघताय? परवाच्या रविवारी ना?"

"मी जात नाही आता."

"का?"

"त्या वर्षी गेलो तेच चुकलं ना. एक सण धरला आणि आयुष्याचं कार्ड घालवलं. मग पुढच्या वर्षी आईचा फोन आला तेव्हा मी चिडलो. म्हटलं, तुझ्या रोटापायी झालं सगळं. परत बोलावू नको." तो नारळाची शेंडी पिळत बोलत होता. "तिने नाही बोलावलं."

माझ्या समोर उघड्या कपाटात ती फाइल होती. फेकायच्या गठ्ठ्यात मी ती तीनदा टाकली होती आणि तीनदा परत काढली होती. मी ती उघडली आणि रमणचा निकाल त्याच्यापुढे ठेवला. त्याला इंग्रजी फारसं येत नाही, पण तो तक्ता त्याने स्वतः कितीदा भरलेला. सगळ्यात खाली पास लिहिलेलं होतं आणि माझी सही.

"हा रमणचा?"

"हो. तुमच्याच दिवशीचा. तोही पास झाला होता. मी यादीत नाव घातलं नाही. तुम्हाला निळं कार्ड मिळावं म्हणून. त्याचं नाव असतं तर त्या शुक्रवारी तो बसला असता, फाइल वेळेत गेली असती. तुम्ही गावी गेलात म्हणून काही झालं नाही, भगवान. माझ्यामुळे झालं. आणि मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, कारण मला लाज वाटली."

त्याने माझ्या सहीवरून अंगठा फिरवला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही माझ्यासाठीच केलं होतं," तो म्हणाला.

"ते राहू द्या. आता तरी जा. या रविवारी जा. आईला सांगा, मॅडमची चूक होती. माझं नाव सांगा. हवं तर मी बोलते फोनवर."

त्याने कागद नीट घडीवर घडी ठेवून फाइलमध्ये परत ठेवला.

"यंदा आमच्याकडे कानबाई बसत नाही, मॅडम. वर्ष आहे. आई पौषात गेली."

 तो उठला, नारळ टेबलावर ठेवला, वाकून नमस्कार करू लागला. मी त्याचे हात धरले. ब्रश सुटून तीन वर्षं झाली होती, तळहात पोत्यांनी खरखरीत झाले होते. दाराशी जाऊन तो थांबला.

"शेवटच्या उन्हाळ्यातही तिने बिबड्या केल्या होत्या तुमच्यासाठी. गाठोडं बांधून ठेवलं होतं. न्यायला कुणी गेलंच नाही."

ऑस्ट्रेलियाच्या हातात ती अणुऊर्जेवरची पाणबुडी मी हे लिहितेय तोवर आलेली नाही. येईल, तिला अजून वर्षं आहेत. भगवान अथालला आहे, कार्ड पिवळंच. गेल्या वर्षीपासून तो कानबाईला जातो, एवढं रमणकडून कळलं. मी वापी-सिल्वासाच्या लहान कारखान्यांत क्वालिटीचे वर्ग घेते. स्पेशल प्रोसेसचा धडा आला की फळ्यावर यादीचा तक्ता काढते आणि सांगते, ऑपरेटरच्या रकान्यात जेवढे पास झाले तेवढी सगळी नावं लिहायची. कुणाचं भलं करायचं असेल तर ते दुसऱ्या कागदावर करा, या कागदावर नाही. पोरं कारण विचारतात. मी म्हणते, ऑडिटचा नियम आहे, लिहून घ्या.